प्रमाणपत्राची मुदत संपणे किरकोळ नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पुण्यातील एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर मुलीचे शुल्क भरताना 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा पडद्यावर आला. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती. फोन केला, तर कार्यालयातून उत्तर मिळाले, "काही होत नाही, 'तरीही पुढे जा' दाबा." हा सल्ला घातक आहे, म्हणून हे पत्र.

समोरचा सर्व्हर खरोखर त्याच संकेतस्थळाचा आहे, याची ग्वाही हे प्रमाणपत्र देते आणि ब्राउझरचा विश्वास असलेली प्रमाणन संस्था त्यावर डिजिटल स्वाक्षरी करते. ती खातरजमा नसेल, तर वायफायवर मध्येच बसलेला भामटा माहिती कुलूपबंद करणारी स्वतःची डिजिटल चावी पुढे करून आपला पासवर्ड वाचू शकतो. २०११ मध्ये डिजिनोटार या डच प्रमाणन संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावे बनावट प्रमाणपत्र निघाले आणि इराणमधील लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवण्यासाठी ते वापरले गेले. (अर्थात, प्रमाणपत्र असले म्हणजे मालक सचोटीचा, असे नव्हे, ते ठगांनाही मिळते.) रोज इशारे डावलायची सवय लागलेल्या पालकाला खरा हल्ला ओळखू येणार कसा?

'लेट्स एन्क्रिप्ट' ही प्रमाणन संस्था २०१५ पासून प्रमाणपत्रे विनामूल्य देते आणि नूतनीकरण आपोआप होऊ शकते. त्यामुळे खर्चाची सबब टिकत नाही. शिवाय प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचे ठरले आहे. तेव्हा वहीत तारीख लिहून ठेवणाऱ्या संस्थांनी आपोआप नूतनीकरणाची व्यवस्था आताच बसवावी.

आपली नम्र,
एक पालक, कोथरूड, पुणे