वादी शाबला जाण्याआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा इथे साडेअकरा वाजले होते, तुझ्याकडे दहा. आई म्हणाली, पोरगी सव्वीस वर्षांची झाली, किती बोलाल तिला. म्हणून आज फोन न करता लिहितोय. शुक्रवारी मैत्रिणींबरोबर वादी शाबला, त्या पाण्याच्या घळीत, जायचं ठरलंय ना, जरूर जा. मी नको म्हटलंच नव्हतं. मी फक्त पावसाचं विचारलं, आणि तू म्हणालीस, "बाबा, ओमानात कुठला आलाय पाऊस?" तिथे माझा आवाज चढला.

मस्कतला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडतो, खरं आहे. आपल्याकडे जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो. पण सह्याद्रीला माती आहे, झाडं आहेत, तो थोडं तरी पाणी धरून ठेवतो. हजरचा डोंगर म्हणजे उघडा चुनखडक. पडलं ते सगळं घळीतून खाली. तुम्ही खाली कोरड्या उन्हात पोहत असाल, मागे डोंगरावर तासापूर्वी ढग फुटलेला असेल, आणि तुम्हाला पत्ताही नसेल. म्हणून डोक्यावरचं आभाळ बघू नकोस, मागच्या डोंगराकडे बघ. पाणी एकदम गढूळ झालं, वरून काटक्या-पाला वाहून यायला लागला, तर पिशव्या, कॅमेरे तिथेच टाका आणि उंच खडकावर चढा. १४ एप्रिल २०२४ ला ओमानातल्याच समद अल शानला शाळेतली मुलं गाडीसकट वाहून गेली, ती बातमी मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत होतो.

बघ, परत तेच सुरू झालं. दुसरं लिहितो.

तुला आठवणार नाही, २००४ मध्ये आपण तिघं तिथे गेलो होतो. आत्ताचा मोठा रस्ता तेव्हा नव्हता. कुरियातच्या पुढे सगळी खडी, गाडीत आईच्या मांडीवर डबा धडधडत होता. तोंडाशी होडीतून पलीकडे गेलो. पुढे खजुराच्या आणि केळीच्या बागा, आणि कड्याच्या अंगाने जाणारा फलज, आपल्या पाटासारखाच. त्यात तुझी गुलाबी चप्पल पडली. ती पाटाच्या पाण्यावरून अशी ऐटीत निघाली, की तू रडायचं विसरून बघत राहिलीस. बरंच खाली एका ओमानी मुलाने ती अडवली आणि दोन्ही हातांवर धरून आणून दिली. ती चप्पल लहान झाली तरी तू टाकू दिली नाहीस.

पाऊण तास चालल्यावर पोहायचे डोह लागतात. वाटेत गोटे गुळगुळीत आहेत, तेव्हा पाण्यातही चालतील असे बूट घाल. तुझ्या पोहण्याची मला काळजी नाही. आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून तुला मीच सोडली होती, आणि चौथ्या दिवशी डबा सोडून तूच उडी मारलीस. मामा अजून सांगतो. पण विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं ग.

२२ जुलै २०२१ ला, चिपळूणच्या पुरात, तू आणि आजी माळ्यावर होतात. दुकानात पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मी म्हणत होतो, ओसरेल. वाशिष्ठीशी माझी जन्माची ओळख, मला वाटलं मला कळतं. पुढच्या तासाभरात शटर दिसेनासं झालं. २००७ च्या जूनमध्ये गोनू चक्रीवादळ आलं तेव्हाही मस्कतला मी असाच खिडकीत उभा राहून म्हणालो होतो, ओसरेल. दोनदा चुकलोय मी. म्हणून ओरडलो. ओरडायला नको होतं, रागावू नकोस.

आता एक सांगायचं राहिलंय. शेवटच्या डोहाच्या टोकाला खडकात एक फट आहे. फक्त डोकं वर राहील एवढीच. तिच्यातून गेलं की आत गुहा आणि गुहेत धबधबा. मी तो पाहिला, असं तुला लहानपणापासून रंगवून सांगत आलो. मी पाहिलेला नाही. फटीपर्यंत पोहोचलो, दोन्ही हात खडकाला लावले, नाक वर करून पुढे सरकलो. कान पाण्याखाली गेले आणि आतला घुमणारा आवाज थेट डोक्यात शिरला. मागे काठावर तू आणि आई. मी वळलो. आईलाही हे अजून ठाऊक नाही.

तू जाशील आत, मला माहीत आहे. आणि गेलीस तर मला आनंदच होईल, हेही खरं. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी, दोन्ही वेळा हवामानाचा इशारा बघ. डोंगरात ढग सांगितले असतील तर सरळ सूरला जा, समुद्र बघा, मासे खा. परत होडीपाशी आलीस की पुलाखाली उभी राहून फोन कर, कितीही वाजलेले असोत. मेसेज नको, आवाज ऐकव.

धबधबा उजवीकडून पडतो असं मी सांगायचो. खरा कुठून पडतो ते सांग.

तुझा,
बाबा