पुण्याच्या थंडीला बर्फाचे टायर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहन पुरवणीत गेल्या आठवड्यात ‘हिवाळ्यासाठी टायर कसे निवडाल’ यावर पानभर मजकूर आला होता. बर्फावरचे टायर, खिळ्यांचे टायर, सात अंशांखालचं तापमान, सगळं सविस्तर होतं. माहिती बरोबर होती, फक्त पत्ता चुकला होता. त्या पानामुळे नऱ्हे-धायरीतल्या ओळखीच्या पिकअपवाल्यांचे मला फोन येऊ लागले, ‘काका, थंडीचे टायर कुठे मिळतील?’ म्हणून हे पत्र.

मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये टायर विभागातून निवृत्त झालो. मुलाचा टोइंगचा धंदा आहे, त्यातलं टायरचं खातं माझ्याकडे. कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा उतार आणि पुढे खंबाटकी हा आमचा नेहमीचा पट्टा. बंद पडलेली गाडी हुकाला टांगून घाटातून आणायची तर टायरचं काय होतं, ते जवळून बघायला मिळतं.

आधी थंडीचं उरकतो. साधं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होत जातं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा दिलेल्या असतात, त्या बर्फात पकडतात. पण पुण्याचा नोंदलेला नीचांक १.७ अंश, तोही १९३५ च्या जानेवारीतला. आता पाषाणला पहाटे पारा आठ-दहावर आला की दुसऱ्या दिवशी तुमच्याच पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो असतो, आणि त्याच दिवशी दुपारी हडपसरला अठ्ठावीस-तीस अंश असतात. त्या उन्हात, पाठीवर ओझं घेऊन मऊ रबराचा टायर घाटात चालवला तर तो भराभर झिजतो आणि वळणावर ठोकळे लवतात. पुण्यात स्नो टायर म्हणजे एप्रिलात कानटोपी.

आपल्याकडे थंडीत टायरचा प्रश्न येतो तो हवेचा. एप्रिलमध्ये भर दुपारी ओझ्याच्या टायरमध्ये ६५ पौंड (दाबाचे, म्हणजे पीएसआय) हवा भरली आणि मग बघितलीच नाही, तर जानेवारीच्या पहाटे टायरमध्ये हवा न गळताही सहा-सात पौंड कमी निघतात. हवा थंड झाली की दाब उतरतो, पंक्चर असायलाच हवं असं नाही. मोटारीला तापमानाच्या दर दहा अंशांमागे दीड-दोन पौंडांचा फरक पडतो, ओझ्याच्या टायरला तीनेक पौंडांचा. हवा तपासायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर जाऊन तापलेल्या टायरवर गेज लावलं तर ते खोटं बोलतं. आणि तापल्यावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडून देणारे महाभागही आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, सोडू नका.

आता मुद्द्याचं. ओढणाऱ्या गाडीला टायर घेताना ऋतू बघायचा नाही, ओझं बघायचं. आणि ओझं टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेलं असतं. हेल्मेटवरून पुणेकर वर्षानुवर्षं भांडतील, पण टायरवरचा आकडा वाचायला दुकानात कुणी कंबर वाकवत नाही. नक्षी केवढी दांडगी दिसते आणि पांढरी अक्षरं आहेत का, यावर सौदा होतो.

गेल्या डिसेंबरात आमच्या ओळखीचा एक तरुण टोइंगवाला नवीन टायर दाखवायला आला. माप २६५/७० आर १६, जुन्या टायरचंच. नक्षी मोठी, दुकानदाराने ‘हिवाळ्याला एक नंबर’ म्हणून दिलेले. मी टॉर्च लावून मापाच्या पुढचा आकडा वाचला, ११२. जुन्या टायरवर होता १२१/११८. हा आकडा म्हणजे लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ११२० किलो, १२१ म्हणजे १४५०. माप तेच, डिस्क (ज्यावर टायर चढतो ती चाकाची रिंग) तीच, बाहेरून टायर जवळपास सारखाच, आणि एका टायरमागे ३३० किलोंचा फरक. (दुसरा आकडा, ११८, जोडचाकांसाठी. शेजारी-शेजारी दोन टायर असले की कडेला उतरत्या रस्त्यावर एकाला जास्त भार येतो आणि मधल्या फटीत उष्णता कोंडते, म्हणून तिथे प्रत्येकी १३२० च धरायचे.)

त्यावर तो म्हणाला, ‘काका, सेडानच तर उचलतो, तिचं पुढचं वजन सहाशे किलो.’ इथेच सगळे फसतात. हुकावर सहाशे किलो टांगले म्हणजे मागच्या एक्सलवर सहाशे आले, असं होत नाही. ओढणाऱ्या गाडीच्या दोन एक्सलमधलं अंतर तीन मीटर धरा आणि हूक मागच्या एक्सलपासून दीड मीटर मागे. मग तो मागचा भाग तरफेसारखं काम करतो. मागच्या एक्सलवर ९०० किलो येतात आणि पुढचा एक्सल ३०० किलोने हलका होतो. क्रेनच्या सांगाड्यासकट गाडीचं स्वतःचं मागचं वजन १३०० धरलं तर एकूण २२००, म्हणजे एका टायरवर ११००. मर्यादा ११२०. वीस किलोंच्या भरवशावर तो नवले पुलाचा उतार उतरत होता, तेही रस्त्यात एकही खड्डा नाही असं मानून. सेडानच्या जागी एखादी एसयूव्ही आली की हिशेबच संपला. मी त्याला तिथल्या तिथे गाडी टांगायला लावली आणि मागे वाकून बघायला सांगितलं. जमिनीला टेकतो तिथे टायरची भिंत बाहेर आली होती. चालताना ती भिंत प्रत्येक फेऱ्याला अशी दबते आणि सुटते, आतल्या आत तापत जाते, आणि मग एक दिवस टायर ‘फुटला’ असं आपण म्हणतो.

हिशेबावर विश्वास नसेल तर वजनकाट्यावर जा. गाडी टांगलेली असताना फक्त मागची चाकं काट्यावर घ्या आणि पावती करा, मग फक्त पुढची घ्या. पावतीतल्या आकड्याला दोनाने भागा. टायरवरचा आकडा त्याच्यापेक्षा चांगला दीडशे-दोनशे किलोंनी वर असेल तरच तो टायर घ्या.

ट्रेलर ओढणाऱ्यांनाही हेच लागू. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा लागतो, म्हणजे दोन टनांच्या ट्रेलरला दोनशे ते तीनशे किलो. त्याहून कमी असेल तर ट्रेलर मागे डुलायला लागतो, जास्त असेल तर पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग हवेत वळवल्यासारखं वाटतं. टायर कितीही भारी घेतला तरी माल चुकीच्या जागी रचला असेल तर तो टायर काही करू शकत नाही.

एक गोष्ट दुकानदार हमखास सांगत नाही. तो १२१ चा टायर १४५० किलो उचलतो ते त्यात ८० पौंड हवा असेल तर. जड टायर घालून सवयीने ३५ पौंड भरली तर तो ११२ वाल्यापेक्षाही कमी ओझं पेलतो, म्हणजे पैसे जास्त गेले आणि ताकद कमी मिळाली. शिवाय मोटारीला असतो तो साधा रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पौंडांपर्यंतचाच असतो, त्याच्या वर जायचं तर धातूचा, आतून नट आवळलेला व्हॉल्व्ह बसवून घ्यायचा. डिस्क तेवढ्या दाबाची आणि वजनाची आहे का, तेही बघायचं.

नक्षीबद्दल फार लिहीत नाही. चिखलाचे मोठ्या गोट्यांचे टायर शेतात उतरणाऱ्याने घ्यावेत. दवाने ओल्या झालेल्या डांबरावर त्यांचं रबर कमी टेकतं आणि केबिनमध्ये आवाजाने डोकं उठतं. पुढे रिब (लांबीने सरळ रेघांची नक्षी), मागे लग (आडव्या जाड पट्ट्यांची), ही जुनी पद्धत ओढणाऱ्या गाडीला आजही चालते. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, लावायचाच तर मागे. पुढचा एक्सल टांगलेल्या ओझ्याने आधीच हलका झालेला असतो, तिथे चांगलंच रबर हवं. कायद्याने नक्षीची खोली १.६ मि.मी. असली तरी चालते, पण तेवढ्यावर मी माझ्या मुलाला घाटात पाठवणार नाही.

बर्फात खरंच जाणारेही पुण्यात आहेत, त्यांच्यापुरतं तुमचं पान उपयोगी होतं. २०२० मध्ये अटल बोगदा आणि २०२१ मध्ये काझीगुंड-बनिहाल बोगदा सुरू झाल्यापासून जानेवारीत पिकअप घेऊन लाहौल-काश्मीरला निघणारी मंडळी वाढली आहेत. त्यांनी टायरवर ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) वाचून खूश होऊ नये. ती अक्षरं कंपनी नक्षी बघून स्वतःच टाकते, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावर तपासलेला आहे. घ्यायचे तर चारही चाकांना घ्यायचे. दोनच बदलले तर एक टोक धरतं आणि दुसरं घसरतं. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं, हौद्यात एक्सलच्या वर वाळूची पोती बांधून टाकावीत, आणि त्या पोत्यांचं वजनही लोड इंडेक्सच्या हिशेबात धरावं. मार्केट यार्डात काश्मीरचं सफरचंद घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यांशी बोला, ते टायरआधी बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्यांबद्दल सांगतील. साखळी चढवायला पुण्यातच, अंगणात, उजेडात शिकून घ्यावं. फोर बाय फोरने गाडी बर्फातून निघते, पण थांबवायला तिचा काही उपयोग नाही. आणि बर्फात ट्रेलर ओढू नये, एवढंच माझं मत.

आता ज्यांच्यासाठी खरं तर मी लेखणी उचलली, ते. पुणे जिल्ह्यात थंडी म्हणजे गळीत हंगाम. दौंड, बारामती, इंदापूरकडे रस्त्यावर सर्वांत जास्त ओढणं चालतं ते याच दिवसांत. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वरपर्यंत रचलेला ऊस, रात्रीची वेळ. त्या ट्रॉल्यांना बहुतेक जण ट्रकचे उतरवलेले जुने टायर चढवतात. नक्षी बरी दिसते म्हणून ते खपतात. पण टायरच्या भिंतीवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, ते वाचा. ३५१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. हंगाम संपला की ट्रॉली बांधावर उभी राहते, अख्खा उन्हाळा टायर एकाच जागी दबून ऊन खातो, भिंतीला बारीक भेगा पडतात, आणि दिवाळीनंतर पहिल्याच खेपेला त्याच्यावर पूर्ण भार येतो. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी तपासून घ्यायचा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढायचा, असं टायर बनवणारेच सांगतात.

हंगामाच्या तोंडावर कारखान्यांच्या आवारात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, आपण त्यांचे फोटो छापता. चांगलं काम आहे. त्याच रांगेत उभ्या ट्रॉलीच्या टायरचे चार आकडे आणि भिंतीवरच्या भेगा बघायला एक माणूस खडू घेऊन उभा केला, तर फार वेळ लागणार नाही. जुन्या टायरवर खडूने फुली मारली की मालकाला घरच्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. परिवहन खात्याने आणि कारखान्यांनी एवढं मनावर घ्यावं.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या पुरवणीत लोड इंडेक्सचा तक्ता छापा. १०० म्हणजे ८०० किलो, तिथून १२५ म्हणजे १६५० किलोंपर्यंत. चार बोटांच्या चौकटीत मावेल. छापलात तर आमच्या गॅरेजमध्ये हवेच्या पंपावर तो चिकटवायला जागा मोकळी करून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त टायर मेकॅनिक,
नऱ्हे, पुणे