सायकल माझ्याकडं आहे

बेळगाव, गुरुवार

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी महत्त्वाचं. सायकल चोरीला गेलेली नाही. माझ्याकडं आहे, टिळकवाडीत. रविवारी टेंपोत चढवलेल्या सायकली पाच होत्या. चार आमच्या आणि ताडपत्रीखाली तुमची. मंगळवारी फोनवर तुम्ही शेजारच्या पोराचं नाव घेतलंत, तेव्हाच सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. त्या पोरावर आळ घेऊ नका. त्याच्या आईशी बोलणं बंद केलं असेल तर पत्र वाचून झाल्यावर लगेच जाऊन या. आईला यातलं काही माहीत नाही. तिनं मागचं दार उघडलं ते पोरांना करवंदं द्यायला.

खरं म्हणजे सायकल दुरुस्तीला आलीच होती. मागच्या टायरचे दोरे दिसायला लागले होते, कॉटर पिन ढिली होती, ब्रेकची रबरं नावालाच. ओव्हरऑइलिंग करून घेतलं. छर्रेसुद्धा नवे टाकले. मिस्त्री म्हणाला, हा सांगाडा अजून वीस वर्षं जातोय. पण हे निमित्त झालं. दुरुस्ती खानापुरातसुद्धा झाली असती, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

शनिवारचा आमचा प्रवास तुम्हाला आम्ही जरा गोड करून सांगितला. पहाटे सव्वापाचला निघालो, तिथवर खरं. मच्छे, झाडशहापूर, प्रभूनगर, गणेबैल सगळं थंडाव्यात मागं पडलं. रस्ता रुंद झाला तसा सायकलवाल्यांच्या डोक्यावरची सावली गेली, पण त्या वेळी उन्हाची जाणीवच नव्हती. आठच्या आत खानापूर. तिथनं सरळ नंदगडची वाट धरली असती तर दहाला तुमच्या पडवीत असतो. पण पोरांनी असोग्याचा हट्ट धरला. मलप्रभेत गुडघाभर पाणी, दोघं म्हशीसारखी बसली ती उठेनात. त्यात तुमच्या सूनबाईंची सायकल पंक्चर. नंदगडला पोचेतो अकरा वाजून गेले. थोरलीनं शाळेत संगोळ्ळी रायण्णाचं 1831 पाठ केलंय, त्यामुळं समाधीपाशी थांबल्याशिवाय ती पुढं येईना. मीही थांबलो. खरं सांगू, मला बसायचंच होतं.

पुढचं तुम्हाला सांगितलं नाही. हलशीच्या अलीकडं माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. सायकल चालत असते तोवर ऊन कळत नाही बाबा. अंगाला वारं लागतं, घाम जागच्या जागी वाळतो, वाटतं आपण ठीक आहोत. थांबलं की कळतं. 37 डिग्रीच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला, डोकं ठणकायला लागलं आणि मळमळ. काळ्या शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे. धाकट्यानं विचारलं, "पप्पा, तुम्ही रडताय काय?" एका घरासमोर म्हातारे आजोबा बसले होते. "बिसल भाळ ऐत्री," ऊन फार आहे, असं कानडीत म्हणाले आणि लाल मातीच्या माठातला तांब्या थेट माझ्या डोक्यावर ओतला. सूनबाईंनी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजलं. तासाभरानं उठलो. तुम्हाला सांगितलं, "आंब्याखाली झोप लागली."

परतीला टेंपो का केला, ते आता कळलं असेल.

झाडाखाली पडल्या पडल्या एकच डोक्यात घुमत होतं. मी पंचेचाळीसचा, डोक्याला हेल्मेट, सायकलला तीन बाटल्या, बरोबर बायको. तुम्ही चौऱ्याहत्तरचे. डोक्याला टॉवेल, पाणी नाही, भर दुपारी दीडला शेतावरनं एकटे येता. तुमची बीपीची सकाळची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी आहे. डॉक्टरांना विचारलं. वय वाढलं की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, म्हणाले. म्हणजे "मला कुठं तहान लागते" हे तुमचं कौतुकाचं वाक्य आहे ना, त्याचीच मला धास्ती वाटते.

सायकल मृग निघाला, पाऊस लागला की आणून देतो. शब्द देतो. तोवर जिन्याखाली आहे, चादर घालून. रस्त्यावर ठेवलेली नाही. मी चालवत नाही. एकदा मात्र, पोरं झोपल्यावर, गल्लीत एक फेरी मारली. दांडीकडं बघून ते टॉवेलचं गुंडाळं आठवलं, हलशीच्या वाटेवर मला टोचू नये म्हणून तुम्ही बांधायचा ते. चढावर तुमचा श्वास माझ्या कानाशी लागायचा. मी विचारायचो, "उतरू काय बाबा?" तुम्ही म्हणायचा, "बस की गप." आणि आई खिशात कांदा घालायची, ऊन बाधू नये म्हणून. शनिवारी माझ्या खिशात कांदा नव्हता, हे आई तू ऐकून घे आणि बोलू नकोस.

आता नीट ऐका. धूळवाफ पेरणी तोंडावर आहे, शेतावर जाऊ नका असं मी म्हणणारच नाही. तात्यांचा धाकटा रोज सकाळी सहाला मोटारसायकल घेऊन येईल, साडेनऊला परत आणून सोडेल. पेट्रोलचं माझं मी बघतो, तुम्ही त्याच्यापाशी विषय काढायचा नाही. तरुण भारत घरी टाकायला सांगितलाय. पेपर हे निमित्त आहे आणि तुम्हाला स्टँडवरच्या चहाची मंडळी हवी असतात, हे मला कळतं. त्यासाठी संध्याकाळी पाचनंतर तोच नेईल. हवं तितका वेळ बसा.

आई, ताकाचा तांब्या त्यांच्या हातात दे, समोर ठेवून जाऊ नकोस. तहान नसली तरी दर तासाला पेलाभर. ते साखर-मिठाचं पाणी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, बाबांना मीठ बेताचं सांगितलंय. गोळी मनानं बंद करायची नाही. चक्कर, उलटी, बडबड, अंग तापून कोरडं, असं काहीही वाटलं तर ओला पंचा अंगावर टाकायचा आणि लगेच गाडी करून खानापूर. मला फोन वाटेत करा, आधी नको.

बाबा, तुम्ही थकलात असं मी कुठंही लिहिलेलं नाही. परत वाचून बघा. रविवारी तुम्ही झोपला होता म्हणून जमलं. जागे असता तर माझी हिंमत झाली नसती. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

तुमचा,
बाळू

ता. क. दुरुस्तीत सगळं बदललं, घंटी तीच ठेवलीय. धाकटा शाळेतनं आला की जिन्याखाली बसून वाजवत असतो. शेजारच्या काकू विचारत होत्या, दूधवाला बदलला काय.