नडगीवरचा तो ठिपका

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "काही नाही गं, जरा पाय भरलेत" म्हणून विषय टाळतेस, म्हणून हे लिहिते आहे. दिवाळीत तेल लावताना तुझ्या उजव्या नडगीवरून माझा अंगठा फिरला. घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या कडेला, एकाच जागी तू पाय झटकन ओढून घेतलास. तो ठिपका माझ्या डोक्यातून जात नाही.

नडगी लांबवर दुखत असेल आणि पाय तापल्यावर मोकळी होत असेल, तर बहुधा पळणं कमी केलं की दुखणं ओसरतं. पण दुखणं एका बोटाने दाखवता येत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. माझ्या नडगीला गेली होती. कडक मैदानावर दोन्ही वेळ खो-खोचा सराव चालायचा. दुखतंय म्हटलं की सर म्हणायचे, "पाय तयार होतोय." मी पट्टी गुंडाळून पळत राहिले. जिल्ह्याच्या निवड चाचणीला मैत्रिणी गेल्या, मी पाय उशीवर ठेवून घरी.

दम लवकर वाढतो गं, हाडाला वेळ लागतो. नवा भार पडला की हाड आधी आपला जुना भाग झिजवतं, मग नवा भरतं. मधल्या काही आठवड्यांत ते उलट कच्चं असतं. आणि तू नेमकी तेव्हाच पोलीस भरतीच्या अकादमीत जाऊन एकदम दुप्पट पळायला लागलीस, तेही डांबरी रस्त्यावर. भरती जवळ आली म्हणून सुट्टीचा वारही सोडलास. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजतेस ना? ती रोजच्यापेक्षा बरीच जास्त लागत असेल, झोप लागत नसेल, तेच अंतर जड जात असेल, तर अंगाला विसावा हवा आहे. आणखी एक फेरी मारून ते सुटत नाही.

दुसरी गोष्ट स्पष्ट लिहिते. दोन महिने पाळी आली नाही आणि तू म्हणालीस, "बरंच झालं, सरावात अडचण नाही." बाळा, हे बरं नाही. कष्टाला पुरेल एवढं पोटात गेलं नाही की शरीर आधी पाळी थांबवतं, आणि तिच्याबरोबर हाडांचं बळही जातं. वजन कमी करायचं म्हणून रात्रीची भाकरी सोडली आहेस ती आजपासून सुरू कर. दादाबरोबर शेंगदाण्याचे लाडू आणि नाचणीचं पीठ पाठवते आहे. लाडू मैत्रिणींना वाट, पण स्वतःही खा.

800 मीटरला 20 गुण आहेत, मान्य. पण 100 मीटरला 15 आणि गोळ्याला 15 आहेतच. 4 किलोचा गोळा नुसत्या हाताने जात नाही, त्याला पाठ आणि कंबर लागते. पळणं बंद असताना बसून खांद्याचे, पाठीचे व्यायाम होतील. लेखीचे 100 गुण तर खुर्चीत बसून मिळवायचे आहेत. पाय बरा झाला की मातीवर, एक दिवसाआड, आधी चालत मग थोडं पळत. पायरीवर उभं राहून टाचा उचलायचा व्यायामही तेव्हाच, पोटऱ्या बळकट झाल्या की नडगीवरचा मार कमी होतो.

शनिवारी पहिल्या एसटीने येते. आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ. सुरुवातीला अशी चीर एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, माझीही पहिल्यांदा दिसली नव्हती, म्हणून तो ठिपका त्यांना बोटाने दाखव आणि पाळीचंही सांग. तोवर पळू नकोस. अकादमीतल्या सरांशी बोलायला संकोच वाटत असेल तर मी बोलते.

तुझी,
आई