वाईनचं चांगलं दुकान ओळखायचं कसं, हे पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मोठ्या शहरांतल्या वाईन बारची यादी आली होती, ती मी दोनदा वाचली. फोटो सुंदर होते, पण सगळ्या यादीत झुंबरं, गच्ची, दिवे, इंटिरियर कोणी केलं हेच होतं आणि तिथे वाईन कशी ठेवतात, ग्लासमध्ये काय काय मिळतं, नवख्या माणसाशी नीट बोलतात का याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण छापाल अशी आशा आहे.

मी कामानिमित्त गेली सोळा-सतरा वर्षं वेगवेगळ्या मोठ्या शहरांत जाते, बहुतेक वेळा एकटीच. दिवसभराचं काम उरकलं की संध्याकाळी एक ग्लास चांगली वाईन घेऊन शांत बसावं एवढीच इच्छा असते. सुरुवातीची काही वर्षं मी तुमच्यासारख्याच याद्या बघून जायचे. एकदा अशाच एका नामांकित बारमध्ये रेड वाईनचा ग्लास मागवला, ती आली ती कोमट, वासाला सफरचंद कापून ठेवल्यावर काळं पडतं ना तसा वास, आणि घशाखाली उतरताना व्हिनेगरसारखी. मी वेटरला हळूच सांगितलं तर तो म्हणाला की मॅडम, ही अशीच असते, सवय नसेल तर आवडत नाही. शेजारच्या टेबलवरच्यांनी वळून बघितलं. मी गप्प बसले, बिल दिलं आणि निघाले. त्यानंतर किती तरी दिवस मला वाटत होतं की आपल्याच जिभेला काही कळत नाही. खरी गोष्ट एवढीच होती की ती बाटली चार-पाच दिवसांपूर्वी उघडलेली होती, हवा लागून वाईन मेली होती, आणि ते त्या माणसाला एक तर कळत नव्हतं किंवा कळत असून सांगायचं नव्हतं. दोन्ही वाईटच.

आता दुसरी बाजू सांगते. दुसऱ्याच एका शहरात, रस्ता चुकून एका अरुंद दुकानात शिरले. खोकी जमिनीवर रचलेली, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात पेन्सिलीने लिहिलेला कागदाचा तुकडा, गल्ल्यामागे एक बाई हिशेब करत बसलेल्या. त्यांनी मला बजेट विचारलं नाही, की द्राक्षाची कुठली जात हवी हे पण नाही. विचारलं, "शेवटची कुठली प्यायलात आणि काय आवडलं नाही?" मी म्हटलं की तोंड सगळं कोरडं पडलं. तर त्या म्हणाल्या, "हिरड्या आखडल्यासारख्या झाल्या की जिभेच्या कडांना पाणी सुटलं?" मी थोडा विचार करून म्हटलं, हिरड्या. "म्हणजे तुम्हाला तुरटपणा नको, आंबटपणा चालेल," असं म्हणून त्यांनी फ्रान्समधल्या बोजोले भागातली एक बाटली काढली, गामे जातीच्या द्राक्षाची, आणि सांगितलं की पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, रेड असली तरी. मी त्या रात्री तसंच केलं आणि संपादकसाहेब, खरं सांगते, वाईन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. एक प्रश्न होता फक्त. तुरट आणि आंबट यातला फरक मला आयुष्यात कोणी असा तोंडात बोट ठेवून दाखवला नव्हता.

तेव्हापासून कुठल्याही शहरात गेले की मी आधी बार शोधत नाही, दुकान शोधते. चांगल्या दुकानदाराला विचारायचं की दुकान बंद केल्यावर तुम्ही स्वतः कुठे जाता. हा प्रश्न विचारला की बहुतेक जण खुलतात, कागदावर नाव लिहून देतात, कोणाला भेटा ते पण सांगतात. मला मिळालेले सगळ्यात चांगले बार असेच मिळालेत, मुख्य चौकापासून दोन-तीन गल्ल्या आत, बाहेर धड पाटी पण नसलेले.

पण दुकान चांगलं हे कसं ओळखायचं? मी आत शिरल्यावर आधी शोकेस बघते. उन्हात बाटल्या मांडल्या असतील आणि त्याच विकत असतील तर मी पुढे जातच नाही. वाईन ठेवायला साधारण 12 ते 14 अंश तापमान चांगलं, दुकानात इतकं गार नसेल हे समजू शकते, पण बाटल्या गरम होता कामा नयेत. उष्णतेने वाईन फुगते आणि बूच वर ढकललं जातं, वरच्या वेष्टणाखाली हात फिरवला तर उंचवटा लागतो, कधीकधी चिकट ओघळ पण असतो. अशी बाटली मी सरळ जागेवर ठेवून देते. पारदर्शक काचेतल्या पांढऱ्या आणि रोझे म्हणजे गुलाबी वाईनचं तर अजूनच नाजूक, ट्यूबलाईटच्या उजेडात सुद्धा त्या बिघडतात, उकडलेल्या कोबीसारखा वास यायला लागतो, कारण वाईनमधलं रायबोफ्लेव्हिन हे जीवनसत्त्व उजेडाने काम सुरू करतं. म्हणून मी अशा बाटल्या कधी पुढच्या रांगेतल्या घेत नाही, मागची मागते, आणि चांगला दुकानदार कुरकुर न करता काढून देतो.

शेल्फवर समीक्षकांनी शंभरपैकी दिलेल्या 92, 94 अशा मार्कांचे छापील कागद लटकवलेले असतात ते पण नीट वाचा. किती तरी वेळा मार्क एका वर्षाच्या वाईनला मिळालेले असतात आणि खाली ठेवलेली बाटली भलत्याच वर्षाची असते, मी हे स्वतः तीन-चार ठिकाणी पाहिलंय. त्यापेक्षा दुकानदाराने हाताने लिहिलेल्या दोन ओळी, "हलकी, आंबटसर, गार करून प्या" एवढं जरी असलं तरी मला जास्त खात्री वाटते, कारण ती त्याने चाखलेली असते. आणि बाटलीच्या मागच्या लेबलवर आयात करणाऱ्याचं नाव असतं तिकडे कोणी बघत नाही, पण एखादी वाईन आवडली की ते नाव लिहून ठेवा, त्याच माणसाने आणलेली दुसरी पण बहुतेक आवडते. ही युक्ती मला त्या गल्ल्यामागच्या बाईंनीच दिली.

छोटी दुकानं म्हणजे दुय्यम असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. 1976 साली पॅरिसमध्ये कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाईन डोळे झाकून, म्हणजे लेबल लपवून चाखल्या गेल्या आणि रेड व व्हाईट दोन्हीत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला, परीक्षक फ्रेंच असून. ही चाचणी भरवणारा स्टीव्हन स्परियर हा एका गल्लीतल्या छोट्या दुकानाचा मालक होता, जिथे गिऱ्हाईक आधी चव घेऊन मग बाटली घेऊ शकत होतं. कॅलिफोर्नियात 1972 मध्ये दुकान काढणारा केर्मिट लिंच फ्रान्समधल्या शेतकऱ्यांकडून वाईन घ्यायचा आणि ती समुद्रातून गार कंटेनरमधूनच आली पाहिजे असा हट्ट धरायचा, तेव्हा बाकीचे साध्या कंटेनरमधून उकडत आणायचे. हे दोघे दुकानदारच, पण बाटलीची काळजी कशी घ्यायची आणि गिऱ्हाइकाला चव कशी द्यायची ते त्यांना माहीत होतं. लंडनमधला गॉर्डन्स हा बार तर 1890 पासून चालू आहे, बुटक्या कमानींचं तळघर, मेणबत्त्या, शेरी आणि पोर्ट या कडक वाईन अजून पिंपातून ओततात. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोक तिथे वाकून आत शिरतायत, झुंबर नाही म्हणून कोणाचं काही अडलं नाही.

बारमध्ये मी काय बघते ते सांगते. ग्लासने मिळणाऱ्या वाईन किती आहेत ते आधी मोजते. 750 मिलीच्या एका बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात, मग रिकाम्या बारमध्ये तीस-पस्तीस वाईन ग्लासने मिळत असतील तर त्या बाटल्या किती दिवस उघड्या असतील याचा हिशेब करा. काही ठिकाणी बुचातून सुई घालून वाईन काढणारं आणि तिच्या जागी आर्गॉन वायू सोडणारं यंत्र असतं, त्याने हवा लागत नाही, तिथे ठीक आहे. नाहीतर सात-आठच वाईन असलेला, दर आठवड्याला पाटी पुसून नवी लिहिणारा बार बरा. मी सरळ विचारते, ही कधी उघडली? "आज दुपारी" किंवा "काल रात्री, थांबा चव देतो" असं उत्तर आलं की मी खुर्ची ओढून बसते. चवीला घोटभर दिली नाही, बाटली न दाखवता आतूनच ग्लास भरून आणला, तर एक ग्लास संपवून निघते.

रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असं सगळे सांगतात, पण ती रूम म्हणजे जुन्या काळातली दगडी भिंतींची गार खोली, 16 ते 18 अंशांची. आजच्या बारमध्ये शेल्फवरून काढलेली रेड कोमटच लागते, म्हणून दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवा असं सांगायला लाजू नका. जो बार हे ऐकून हसतो तो बार सोडा.

बुचाचा वास हा पण एक विषय आहे. ओल्या रद्दीसारखा, कोंदट पुठ्ठ्यासारखा वास आला आणि फळाची चव गायब झाली असेल तर ते बूच बिघडलेलं, हे टीसीए नावाच्या रसायनाने होतं. तब्येतीला त्याने काही होत नाही पण वाईन गेली. ही ना गिऱ्हाइकाची चूक ना बारवाल्याची, आणि चांगल्या ठिकाणी एक शब्द न बोलता बाटली बदलून देतात. मी एकदा घाबरत घाबरत सांगितलं तर काउंटरवरच्या मुलाने वास घेतला, तोंड वाकडं केलं, "सॉरी ताई, मी आधी बघायला हवं होतं" म्हणाला आणि दुसरी उघडली. त्या बारमध्ये मी नंतर किमान दहा वेळा गेले असेन.

किमतीबद्दल एकच सांगते. यादीतली सगळ्यात स्वस्त मागवायला लाज वाटते म्हणून लोक दुसऱ्या नंबरची मागवतात आणि बारवाले त्यावरच जास्त कमावतात असं म्हणतात, पण लंडनच्या रेस्टॉरंटांच्या याद्या तपासून अर्थशास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं की सगळ्यात जास्त टक्के नफा यादीच्या मधल्या वाईनवर लावलेला असतो. तेव्हा सगळ्यात स्वस्त आवडत असेल तर तीच मागवा. स्वतःची निवड नीट करणारा बार स्वस्तातली सुद्धा विचार करून ठेवतो, आणि ती सांगताना वेटरचा आवाज बदलत नाही. मी तो आवाज नेहमी ऐकते.

अजून एक, बाई एकटी आली तर कुठे बसवतात. कोपऱ्यात टॉयलेटच्या दाराशी की काउंटरला, जिथे ओतणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतील. आणि माझी एक मैत्रीण अजिबात पीत नाही, ती बरोबर असली की तिला काय विचारतात, कसं वागवतात ते पण मी बघते. तिच्यासमोर पण तितक्याच अगत्याने काहीतरी आणून ठेवणारे लोक असतात, अर्धा ग्लास मागितला तर अर्धाच देणारे लोक असतात, आणि अशा ठिकाणी वाईन बहुधा चांगलीच निघते, का ते मला सांगता येणार नाही पण अनुभव तसा आहे. शनिवारी रात्री जाऊन कुठल्याच बारची परीक्षा करू नका, मंगळवार-बुधवारी संध्याकाळी लवकर जा, तेव्हा लोकांकडे बोलायला वेळ असतो.

तर माझी विनंती अशी, पुढच्या वेळी अशी यादी कराल तेव्हा प्रत्येक नावापुढे फोटोपेक्षा चार गोष्टी छापा: बाटली कधी उघडली ते सांगतात का, ओतण्याआधी चव देतात का, बिघडलेली बाटली परत घेतात का, आणि एकट्या माणसाला काउंटरवर जागा आहे का. तुमच्या वार्ताहरांनी एक संध्याकाळ जाऊन विचारलं तरी हे सगळं कळतं. माझ्याकडे एक वही आहे, प्रत्येक शहराचं एक पान, त्यात दुकानांची नावं, आयात करणाऱ्यांची नावं, कुठल्या दिवशी चव द्यायला बाटल्या उघडतात ते सगळं लिहिलंय, काही पानांवर वाईनचे डाग पण आहेत. ती वही तुम्हाला हवी असेल तर मी झेरॉक्स करून पाठवते. पहिल्या पानावर त्या पेन्सिलीने लिहिणाऱ्या बाईंचं दुकान आहे.

आपली,
एक नियमित वाचक