अमृताच्या त्या तीन मुली

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळीत मुलाकडे दिल्लीला गेले होते तर तो जयपूर हाऊसच्या आर्ट गॅलरीत घेऊन गेला, मला वाटलं आता नुसते पाय दुखणार, पण चित्रकार अमृता शेरगिलनं १९३५ ला काढलेल्या त्या तीन मुलींच्या चित्रापुढं थांबले ती थांबलेच. तिघी चिकटून बसलेल्या, नजरा खाली, कुणी बोलंना... बघायला पाहुणे यायचे तेव्हा आम्ही बहिणी माजघरात अश्शाच बसायचो! ही बाई आपली अजिंठ्याची लेणी बघून भारावली होती, अन् २८ व्या वर्षीच वारली. अजिंठा आपला, पण तिचं चित्र बघायला दिल्ली गाठायची, निदान चांगले मोठे प्रिंट तरी संभाजीनगरात कुठंतरी लावा की.

— एक गृहिणी, परभणी