माफी सशर्त असावी, पण अट सर्वांना हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सक्तीची लष्करभरती चुकवून देशाबाहेर गेलेल्या युक्रेनियन तरुणांना सशर्त माफी द्यावी का, यावर आपल्याकडे आलेली पत्रे वाचली. 'पळपुट्यांना कसली माफी?' हा बहुतेकांचा सूर. अमेरिकेने पन्नास वर्षांपूर्वी असा प्रयोग केला होता आणि तो फसला, याची आठवण कोणीच काढली नाही.

८ सप्टेंबर १९७४ ला अध्यक्ष फोर्ड यांनी वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेले माजी अध्यक्ष निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. ना खटला, ना अट. आठच दिवसांनी व्हिएतनामची भरती चुकवलेल्यांसाठी योजना आली : स्वतःहून हजर व्हा, देशनिष्ठेची शपथ घ्या आणि २४ महिन्यांपर्यंत सांगू ती लोकसेवा करा. पात्र लाखाहून अधिक. मुदत वाढवूनही पुढे आले जेमतेम बावीस हजार. साहेबाला सगळे माफ आणि आम्ही मात्र नाक घासायचे, असे भरती टाळायला कॅनडात गेलेल्यांना वाटले तर नवल काय? फोर्ड यांनी माफीचा विचार आधी माजी सैनिकांच्याच मेळाव्यात मांडला होता. ती हिंमत मात्र मानायला हवी.

मी व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत शिकत होतो. वर्गातल्या मुलांच्या पाकिटात भरतीचे कार्ड असे. '२-एस' म्हणजे शिक्षण चालू तोवर सूट, '१-ए' म्हणजे बोलावणे कधीही. आम्ही विद्यार्थी व्हिसावाले यातून मोकळे, पण ग्रीन कार्ड घेतलेल्या भारतीय तरुणाला नोंदणी चुकत नसे. कॉलेज परवडले तो वाचला, गॅरेजात राबणारा युद्धावर गेला. पुढे १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी भरती चुकवणाऱ्यांना बिनशर्त माफी दिली, तीतही सैन्यात जाऊन मग पळालेले वगळले गेले. आणि त्यांत गरिबाघरची पोरेच जास्त.

तरीही बिनशर्त माफी मला पटत नाही. जो गेला नाही, त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी जावे लागले. काही महिने पूल, शाळा, इस्पितळे उभारायला ये, असे त्याला सांगण्यात गैर काहीच नाही. तुकडी सोडून गेलेला पहिल्या खेपेस परत रुजू झाला तर शिक्षा टळावी, अशी सोय युक्रेनने २०२४ मध्ये केलीच आहे.

अडचण वेगळीच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये झेलेन्स्की यांनी सर्व प्रांतांतल्या भरती कार्यालयांचे प्रमुख एकदम काढून टाकले, ते लाचखोरीमुळे. पैसे मोजून 'अपात्र' असा वैद्यकीय दाखला मिळवणारा कागदोपत्री फरार नसतोच, त्यामुळे त्याला माफी मागायचीही गरज नाही. अट लागेल ती ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याला. तेव्हा माफीची यादी करण्याआधी ते दाखले पुन्हा तपासावेत आणि खोटा निघाला त्यालाही तीच सेवा, तेवढेच महिने लावावेत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे